कुलूप दिसतंय म्हणजे साइट सुरक्षित का? घरघंटीवाल्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याच्या, आईसाठी घरघंटी घ्यायचीय, इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, दुकानात जी १५ हजाराच्या पुढं सांगतायत ती तिथं ४,९९९ ला. साइट चकाचक आहे, कुलपाचं चिन्ह आहे, '१०० टक्के सुरक्षित पेमेंट' असा हिरवा शिक्का आहे, पत्ता राजकोटचा आहे. फक्त एवढंच की पूर्ण कॅश ऑन डिलिव्हरी नाही, आधी ४९९ क्यूआर कोडवर भरायचे आणि राहिलेले मशीन दारात आल्यावर. तर ही साइट सिक्युअर आहे का हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

बघा, यात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. एक म्हणजे तुमच्या मोबाइलपासून त्या साइटपर्यंत जाणारी माहिती मधे कुणी वाचू शकतं का. दुसरा म्हणजे पलीकडं जो कोण बसलाय तो पैसे घेऊन मशीन पाठवणार आहे का. कुलूप, शिक्के, 'सिक्युअर' हा शब्द हे सगळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि तुम्हाला भीती वाटतेय ती दुसऱ्याची. या दोन्हीची सरमिसळ झाली की माणूस फसतो, आणि चांगली शिकलेली माणसं पण इथंच फसतात.

मी सांगलीत वेबसाइट बनवायचं काम करतो. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच भागातलं, मार्केट यार्डातले हळदवाले, तासगावकडचे बेदाणेवाले, मिरजेतले तंतुवाद्यवाले, घरनं भडंग आणि चटण्या विकणाऱ्या बायका. त्यामुळं ऑनलाइन दुकान उभं करताना कुठली गोष्ट चहा पिता पिता होते आणि कुठल्या गोष्टीसाठी कागदपत्रं घेऊन पळापळ करावी लागते हे रोजचं बघण्यातलं आहे. माझी पद्धत त्यातनंच आलीय: ठगाला जे फुकटात आणि झटपट करता येतं त्याला मी काडीची किंमत देत नाही, जे करायला त्याला स्वतःचं नाव, कागद नाहीतर बँक खातं उघडं करावं लागतं तेवढंच बघतो.

आधी कुलपाचं बोलू. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असणं म्हणजे मधल्या वाटेवर माहिती गुपित राहते, इतकंच. माल भरलेली गाडी रस्त्यात कुणी लुटणार नाही याची हमी, गाडी शेवटी कुणाच्या गोदामात रिकामी होणार याच्याशी कुलपाला देणंघेणं नाही. या कुलपासाठी जे सर्टिफिकेट लागतं ते लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा संस्था फुकट देते, बऱ्याच होस्टिंगवर (साइट जिथं ठेवतात ती सेवा) तर एक बटण दाबलं की काम झालं, आणि ते देताना तपासलं काय जातं तर 'हे डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या ताब्यात आहे का' एवढंच. तुम्ही कोण, धंदा काय, माल आहे का नाही, कोण विचारत नाही. म्हणून फसवणाऱ्या साइटवर पण कुलूप असतंच, नसलं तर उलट नवल. क्रोमने तर सप्टेंबर २०२३ मध्ये कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर ते कुलूपच काढलं आणि तिथं सेटिंगसारखं चिन्ह आणलं, कारण लोक कुलूप म्हणजे विश्वासू दुकान असं धरून चालले होते. आता तुम्ही म्हणताय कुलूप दिसतंय, तर एकदा बघा ते वर पत्त्याच्या पट्टीत आहे का खाली पानावर चित्र म्हणून चिकटवलंय. पानावर काय कुणीही काय पण चिकटवतं. हिरवा शिक्का पण तसलाच, त्याच्यावर बोट ठेवून बघा, कुठंच काही उघडलं नाही तर ते नुसतं चित्र आहे.

उलट बाजूनं मात्र हे कामाचं आहे. पत्त्यात एचटीटीपीएस नाही, क्रोम 'नॉट सिक्युअर' म्हणतोय आणि तरी कार्ड नंबर मागतायत, तर तिथनं सरळ बाहेर पडायचं, पुढचं काही तपासत बसायचं कारण नाही.

दुसरं, पत्ता वाचायला शिका. हे फुकट आहे आणि दोन मिनिटांत येतं. एचटीटीपीएसच्या पुढं जो पहिला तिरका दांडा (स्लॅश) येतो, तिथं थांबायचं आणि तिथनं उलटं डावीकडं वाचायचं. शेवटचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक, आणि शेवट 'डॉट को डॉट इन' असा असेल तर तीन तुकडे धरायचे. समजा पत्ता आहे 'अमुकब्रँड डॉट कॉम डॉट मेगासेल डॉट शॉप', तर तो अमुकब्रँडचा नाहीच, तो 'मेगासेल डॉट शॉप'वाल्याचा आहे, पुढं त्यानं हवं ते नाव लावलंय. इंग्रजी आर आणि एन शेजारी लिहून एम भासवणं, ओच्या जागी शून्य टाकणं, ब्रँडच्या नावामागं आडवी रेघ देऊन 'फॅक्टरी सेल' जोडणं हे नेहमीचे प्रकार. अडचण अशी की इन्स्टाग्रामवरनं लिंक उघडली की ती त्यांच्याच खिडकीत उघडते आणि पत्ता नीट दिसत नाही, तर वरच्या तीन टिंबांवर दाबून ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि मग वाचा. आणि गुगलवर शोधल्यावर सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' म्हणून येतं ती जाहिरात असते, वर आलं म्हणून ते खरं असं काही नसतं, पैसे भरले की कुणीही वर येतं.

आता डोमेन कधी घेतलंय ते. याला हूइज म्हणतात, आयकॅन म्हणजे डोमेनच्या नावांचा कारभार बघणारी संस्था, तिच्या लुकअप पानावर नाव टाकलं की नोंदणीची तारीख कळते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यावरनं शंका घेऊ नका, माझ्या गिऱ्हाइकांची पण मी झाकूनच ठेवतो नाहीतर फोन आणि मेल करून लोक जीव खातात. तारीख मात्र बघा. इथं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. नवीन डोमेन म्हणजे चोर असं अजिबात नाही, प्रत्येक प्रामाणिक दुकान कधीतरी एक महिन्याचं असतंच. उलट जुनी सोडून दिलेली डोमेनं विकत घेऊन त्यावर फसवी दुकानं लावणारे पण आहेत, म्हणजे जुनं ते सोनं असंही नाही. बघायचा तो मेळ. पानावर '२५ वर्षांचा विश्वास, १० लाख समाधानी ग्राहक' आणि डोमेन मागच्या महिन्यातलं, तर हा माणूस पहिल्याच ओळीत खोटं बोलतोय, मग पुढं काय खरं बोलणार.

यानंतरचं जे आहे ते मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, ते म्हणजे पलीकडचा माणूस कोण. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणं ऑनलाइन विकणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, ऑफिसचा पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-नंबर साइटवर द्यायचं असतं, आणि त्या अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. साइटच्या तळाला जाऊन हे शोधा. नुसता 'संपर्क करा' असा फॉर्म, एक जीमेल आणि एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर, बाकी काही नाही, असं दिसलं की माझ्या दृष्टीनं तिथंच निम्मा निकाल लागला.

जीएसटी नंबर दिलेला असेल तर अजून चांगलं, तो वाचता येतो. १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४, त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. म्हणजे राजकोटचा पत्ता आणि नंबर २४ ने सुरू होत नाही, तर विचारायला पाहिजे की असं का. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये हा नंबर टाकला की कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे का रद्द झालीय ते सगळं समोर येतं. लहान माणसाकडे जीएसटी नसू शकतो हे पण खरं, घरनं चटणी विकणाऱ्या मावशींकडे मी तो मागणार नाही. पण देशभर घरघंट्या पाठवतो म्हणणाऱ्याकडे नसेल तर ते पटत नाही.

आणि आता गंमत सांगतो. आमच्या एका हळदवाल्या गिऱ्हाइकाची अख्खी साइट कुणीतरी उचलली होती. फोटो तेच, मजकूर तोच, परतीचे नियम तेच, इतकंच काय तळाला असलेला जीएसटी नंबर आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव सुद्धा तेच, कारण त्यांनी पान न वाचता जसंच्या तसं कॉपी केलं. बदललं काय तर डोमेनमधलं एक अक्षर, फोन नंबर, आणि पैसे घ्यायची जागा. आमच्या साइटवर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन दुकानाच्या खात्यात जमा करणारी कंपनीची सोय) होता, त्यांच्याकडं क्यूआर कोडचं एक चित्र. पोर्टलवर जाऊन नंबर तपासला असता तर तो चालू आणि खराच निघाला असता. मग एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला कळलं कशावरनं? पैसे पाठवायच्या आधी यूपीआय अ‍ॅपवर नाव आलं ते फर्मचं नव्हतं, कुणीतरी तिसराच, म्हणून त्यानं मालकाला फोन केला, तोही बिलावरच्या जुन्या नंबरवर, साइटवरच्या नव्हे. पुढं आम्ही डोमेन विकणाऱ्या कंपनीकडं आणि होस्टिंगवाल्याकडं तक्रार करून ती पाडली, पण तो वेगळा विषय.

म्हणून माझं सगळ्यात मोठं म्हणणं हे आहे की दुकान कसं दिसतंय यापेक्षा पैसे कुणाच्या नावावर चाललेत ते बघा. दिसणं सगळं कॉपी होतं. बँक खात्याचं नाव कॉपी होत नाही.

हे जरा खोलात सांगतो. एखाद्या दुकानाला खरा पेमेंट गेटवे घ्यायचा तर मालकाचा पॅन, बँक खातं, धंद्याचे कागद द्यावे लागतात, साइटवर परतीचे नियम आणि संपर्काचं पान आहे का ते गेटवेवाले उघडून बघतात, काही कमी असलं की अर्ज परत. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये दुकानांच्या वतीनं पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रीगेटरसाठी नियम काढले, त्यात दुकानदाराची पार्श्वभूमी तपासायची जबाबदारी त्यांच्यावरच टाकलीय. माझ्या गिऱ्हाइकांचा निम्मा वैताग याच्यावरच असतो, 'साइट तयार झाली मग पैसे का येईनात' म्हणून मला शिव्या बसतात. पण हाच वैताग ठगाला नको असतो. त्याला खातं लागतं ते कुणाच्या तरी नावावर भाड्यानं घेतलेलं, आणि तिथं पैसे घ्यायचा सोपा रस्ता म्हणजे क्यूआरचं चित्र टाका आणि 'पेमेंटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा' असं लिहा. गेटवेतनं पैसे आले की ऑर्डरला आपोआप 'पेड' लागतं, स्क्रीनशॉट मागायची गरजच पडत नाही. देशभर विकणारा दुकानदार स्क्रीनशॉट मागतोय म्हणजे त्याच्याकडं गेटवे नाही, आणि गेटवे का नाही याचं चांगलं कारण मला तरी अजून कुणी दिलेलं नाही. गेटवे असला म्हणून सगळं आलबेल असंही नाही हां, तिथं पण खोटे कागद देऊन शिरणारे असतात, पण निदान मागं जायला माग राहतो.

यूपीआयवर क्यूआर स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी नाव येतं. २०२५ पासून एनपीसीआयनं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं, सक्ती केलीय की अ‍ॅपनं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, क्यूआर बनवणाऱ्यानं त्यात घातलेलं नाही. म्हणजे हे नाव आता बऱ्यापैकी भरवशाचं आहे, फक्त आपण वाचत नाही, सवयीनं पिन दाबून मोकळे होतो. साइटवरचं कायदेशीर नाव आणि हे नाव जुळतं का बघा. आपल्याकडं बरेच खरे लहान विक्रेते स्वतःच्या नावावरच पैसे घेतात, त्यात काही गैर नाही, फक्त तिथं तुम्ही त्या माणसाला ओळखत असता किंवा कुणी ओळखीचा मधे असतो. अनोळखी साइट आणि अनोळखी माणसाचं नाव हे दोन्ही एकत्र आले की थांबायचं. आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, 'रिफंड पाठवतोय, पिन टाका' हे ऐकलं की फोन ठेवायचा.

कार्डानं भरत असाल तर दोन-तीन गोष्टी. कार्डाची माहिती भरल्यावर ओटीपीसाठी बँकेचं पान उघडतं, बँकांना आता 'डॉट बँक डॉट इन' हा पत्ता वापरायला रिझर्व्ह बँकेनं लावलंय, त्याची मुदत ऑक्टोबर २०२५ अखेर होती, तर बँकेच्या नावानं कुठलंही पान आलं की वरचा पत्ता बघायची सवय ठेवा. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, त्यात बहुतेक करून रक्कम आणि दुकानाचं नाव असतं, ४९९ भरताय आणि मेसेजमध्ये ४९,९९९ दिसतायत असं नको. कुठलंही ऑनलाइन दुकान एटीएमचा पिन मागत नाही, आणि ओटीपी फोनवर तर कुणालाच सांगायचा नसतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे ठेवायला बंदी आहे, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी वापरायचा कोड असतो, तो पण तुम्ही हो म्हटल्यावरच. परदेशी साइटवर काही वेळा ओटीपीशिवाय पैसे जातात, तुम्हाला त्याची गरज नसेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा, हे बटण प्रत्येक बँकेनं द्यायचं असतं. कार्डाचा एक फायदा असा की माल आला नाही तर बँकेकडं वाद दाखल करून पैसे परत मागायची सोय आहे, क्यूआरवर परस्पर कुणाला पाठवलेल्या पैशाला तसली सोय फार कमी.

आता तुमच्या ४९९ ॲडव्हान्सबद्दल, कारण यावरनं लोक दोन्ही टोकाचं बोलतात. काही म्हणतात ॲडव्हान्स मागितला म्हणजे फ्रॉडच. तसं नाही. कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारात आल्यावर नको म्हणणारी माणसं भरपूर आहेत, माल जायचं आणि यायचं दोन्ही भाडं दुकानदाराच्या अंगावर पडतं, घरघंटीसारखं जड मशीन असेल तर विचारूच नका. म्हणून खरे विक्रेते पण थोडा ॲडव्हान्स घेतात, मी स्वतः अशी सोय करून दिलीय. पण ती गेटवेतनं घेतलेली असते आणि त्याची पावती येते. ठगाच्या बाबतीत ४९९ ही सुरुवात असते. ते गेले की दुसऱ्या दिवशी फोन, ट्रान्सपोर्टचा इन्शुरन्स १,२००, तो परत मिळणार आहे, मग जीएसटीचे अमुक, मग गाडी चेकनाक्यावर अडकलीय. आधी घातलेले बुडतील या भीतीनं माणूस पुढचे घालत राहतो.

पूर्ण कॅश ऑन डिलिव्हरी असली म्हणजे बिनधोक, हे पण डोक्यातनं काढा. पैसे दिल्याशिवाय खोकं हातात मिळत नाही बहुतेक ठिकाणी, आणि उघडल्यावर आत चिंध्या निघाल्या तर त्यात पार्सल आणणाऱ्या पोराचा काही दोष नसतो, त्याच्याशी भांडून काही मिळत नाही. मोठ्या प्लॅटफॉर्मवर काही वस्तूंना उघडून दाखवून द्यायची सोय असते, ती असेल तर घ्या. नसेल तर खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, वरचं लेबल दिसेल असा.

बाकी शिक्के, रिव्ह्यू, टायमर यावर फार वेळ घालवत नाही. साइटवरचे रिव्ह्यू दुकानदाराच्या हातात असतात, एक फाइल चढवली की शंभर रिव्ह्यू एकदम येतात, नावं आणि तारखांसकट. 'आत्ता ३७ लोक हे बघतायत' हा आकडा बऱ्याच वेळा यादृच्छिक असतो, पान परत उघडा, बदलेल. ऑफर संपायचा टायमर पाहिजे तर इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) उघडून बघा, परत पहिल्यापासून सुरू झाला तर समजून जा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नची, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाला गंडवायच्या युक्त्यांची, जी यादी काढली त्यात ही खोटी घाई आहेच. पण खरं सांगायचं तर चांगल्या दुकानदारांना पण हा टायमर पाहिजे असतो, मी नको नको म्हणतो तरी, त्यामुळं एकट्या टायमरवरनं कुणाला चोर ठरवू नका. फोटो मात्र गुगल लेन्सला देऊन बघा, तोच फोटो पाच वेगळ्या नावांच्या साइटवर दिसला तर माल यांच्याकडं नाही. आणि 'आमच्याविषयी' पानावरचं एखादं लांब वाक्य उचलून गुगलमध्ये टाका, कधी कधी कपडे विकणाऱ्या कुठल्यातरी दुकानाचं तेच वाक्य सापडतं आणि नाव बदलायचं पण राहिलेलं असतं.

मला स्वतःला जास्त आवडणारी परीक्षा म्हणजे फोन. दुपारी अकरा ते पाचच्या मधे साइटवरच्या नंबरवर फोन लावा, व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, साधा फोन, आणि घरघंटीबद्दल विचारा. मोटर किती एचपीची, जाळ्या किती येतात आणि नाचणीला कुठली लावायची, भरडा काढायला वेगळी जाळी आहे का, ओलसर धान्य गेलं तर काय होतं, साताऱ्यात सर्व्हिसला माणूस कोण, जाळी फाटली तर नवीन कुठं मिळणार. राजकोटला घरघंटी बनवणारे खरोखर पुष्कळ आहेत, म्हणून तर तो पत्ता वाचून पटतो, आणि खरा कारखानदार असला तर या प्रश्नांवर तो तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही, नको इतकं सांगेल. ठगाला मशीनमध्ये रस नसतो, तो दर वाक्याला 'मॅडम ऑफर आज रात्री संपतेय, आधी बुकिंग करून टाका' यावर येतो. हे कुठल्याही टेक्निकल तपासणीपेक्षा जास्त वेळा कामाला येतं.

भावाचं पण एक. स्वस्त म्हणजे खोटं असं नाही, जुना स्टॉक असतो, डब्याला पोचा पडलेला माल असतो. पण त्या मशीनमध्ये मोटर आहे, तांबं आहे, लोखंड आहे, वर राजकोटवरनं साताऱ्यापर्यंतचं भाडं. साताऱ्यात पोवई नाक्याकडच्या कुठल्याही दुकानात जाऊन साध्यातल्या साध्या घरघंटीचा भाव विचारा. त्याच्यापेक्षा हजार-दीड हजार कमी असेल तर ऑनलाइनमध्ये शक्य आहे. एक तृतीयांश भावात नुसती मोटर आणि भाडं निघायचं अवघड.

तर तुमच्या साइटबद्दल माझं मत सरळ सांगतो. कुलूप, शिक्का, राजकोटचा पत्ता यांनी माझं मत इकडचं तिकडं होत नाही. एक तृतीयांश भाव, क्यूआर कोडवर ॲडव्हान्स, आणि तुमच्या वर्णनात कायदेशीर नावाचा किंवा तक्रार अधिकाऱ्याचा कुठं उल्लेख नाही, या तीन गोष्टी एकत्र बघून मी तरी यात एक रुपया घालणार नाही. एकेकट्या असत्या तर कदाचित फोन करून बघितला असता. तुम्हाला तरी खात्री करायचीच असेल तर तो क्यूआर स्कॅन करा, नाव वाचा, आणि पिन न टाकता मागं या, स्कॅन करून नाव बघण्यानं पैसे जात नाहीत. साइटवाले 'आमचं अ‍ॅप डाउनलोड करा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये परस्पर ॲप घालणारी) पाठवतील तर ती मात्र उघडूच नका.

आणि तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारून ठेवतो, ४९९ भरून तर झाले नाहीत ना? झाले असतील तर लाजू नका, आधी १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, जेवढ्या लवकर कराल तेवढं चांगलं कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. सोबत यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी नंबर, समोरचं नाव आणि तारीख-वेळ लिहून ठेवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि बँकेला पण कळवा. साइट, जाहिरात, चॅट यांचे स्क्रीनशॉट लगेच काढा, ही पानं दोन दिवसांत गायब होतात. बँकेचा तीन दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकाचं नाही हा नियम लोक सांगतात, तो रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातला आहे आणि आपली चूक नसताना परस्पर गेलेल्या पैशांसाठी आहे, आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशाला त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून त्या भरवशावर थांबू नका. विक्रेता खरा आहे पण माल खराब दिला किंवा परत घेत नाही अशी भानगड असेल तर ती सायबरची नव्हे, त्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बँकेचा किंवा कुरिअरचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका, तिथं पण हेच लोक आपले नंबर पेरून बसलेले असतात, कार्डाच्या मागं छापलेला किंवा बँकेच्या अ‍ॅपमधला घ्या. पैसे भरले असतील तर तुमचा नंबर त्यांच्या यादीत गेलाय असं समजूनच चाला. 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा' नाहीतर 'स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाका' असा फोन पुढच्या आठवडा-पंधरवड्यात येऊ शकतो, तो पोलिसाच्या नावानं आला तरी कट करा. आईंना पण हे सांगून ठेवा, कारण डिलिव्हरीसाठी तुम्ही नंबर त्यांचा दिला असेल तर फोन त्यांनाच येणार.